चादरीचा शेवट कुणाचा?

घरात तिला सगळे ‘वकील’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. कुणी म्हणालं, ‘दूध संपलं,’ की ही विचारणार, ‘संपलं की सांडलं?’ कुणी म्हणालं, ‘जरा डोळा लागला होता,’ की ही विचारणार, ‘मग मोबाइल गरम कसा?’ दहावीच्या वर्षात बाकीच्यांना भूमितीची धास्ती असते. हिला माणसांचा संशय यायचा, आणि संशय आला की तिला कशी तरतरी यायची.

तर या वकीलबाईंच्या हाती एक दिवस खरीखुरी केस लागली.

वाचनालयात दर महिन्याला ‘लेखक भेटीला’ नावाचा कार्यक्रम व्हायचा. शाळेतलं एक मूल लेखकासमोर बसून प्रश्न विचारणार, बाकीचे ऐकणार, आणि ग्रंथपालबाई ते सगळं रेकॉर्ड करून वाचनालयाच्या चॅनेलवर टाकणार. गेलं वर्षभर वकीलबाई तिथे खुर्च्या लावायच्या आणि मग पहिल्या रांगेत बसून चडफडायच्या. मुलं विचारायची, ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली?’ लेखक म्हणायचे, ‘आईकडून.’ टाळ्या. ‘आई काय म्हणाली होती? कधी म्हणाली? तुम्ही ऐकलंत कशावरून?’ हे कुणी म्हणजे कुणी विचारायचं नाही! हिची जीभ नुसती वळवळायची.

यंदा ती सरळ ग्रंथपालबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. “बाई, या वेळी मुलाखत मी घेणार.”

बाईंनी चष्म्याच्या वरून बघितलं. “मुलाखत घेशील की उलटतपासणी?”

“मुलाखत.”

“पाहुण्या लेखिका फार चांगल्या आहेत. त्यांना घाम फुटला, तर पुढच्या महिन्यापासून तू परत खुर्च्यांवर. बसायला नाही, लावायला.”

लेखिकेचा कथासंग्रह घेऊन ती घरी आली, पलंगावर पालथी पडली आणि वाचत सुटली. पहिली गोष्ट झकास. दुसरी बरी. तिसरी ‘चादर’. ती अर्धी झाली आणि वकीलबाई ताडकन उठून बसल्या.

गोष्ट दोन जावांची होती. एक वरच्या मजल्यावर राहते, एक खालच्या. कशावरून तरी बिनसतं आणि बोलणं बंद होतं, इतकं की जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघणार, दुसरी कठड्याकडे. पण एकमेकींवाचून अडतं तर आहेच. मग वरचीने गॅलरीत पिवळी चादर टाकली की खालचीने समजायचं, ही बाहेर निघालीय, कुणी आलं-गेलं तर बघायचं. घरी आली की चादर काढून घ्यायची. खालचीने हिरवा टॉवेल टांगला की वरचीने समजायचं, छतातून पाणी गळतंय, नळ बंद करा. दोघींपैकी कबूल कुणीच करायचं नाही. आणि मग एकदा ती पिवळी चादर गॅलरीत पडते ती पडतेच. ऊन जातं, वारा सुटतो, अंधार होतो, पुन्हा उजाडतं, तरी चादर तिथेच. शेवटी खालची जीव मुठीत धरून जिना चढते. दार नुसतं लोटलेलं. आत वरची ठणठणीत, वाटाणे सोलत बसलेली. मान वर न करता ती म्हणते, ‘किती उशीर केलास गं! माझी बोटं दुखायला लागली. घे, अर्धे तू सोल.’

ही गोष्ट वकीलबाईंना तोंडपाठ होती. पुस्तक तर आत्ता कुठे छापून आलं होतं. ती लहान असताना पाय मोडून प्लॅस्टरमध्ये पडली होती, तेव्हा मावशीने हीच गोष्ट सांगितली होती. पलंगाशेजारी बसून, ताटात वाटाणे सोलत सोलत. ‘खरी घडलेली गोष्ट आहे हं,’ असं बजावून. नंतर शंभरदा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ‘किती उशीर केलास गं!’ला दोघींनी मिळून ओरडायचं, असा नियमच होता.

म्हणजे मावशीची गोष्ट, अगदी वाटाण्यांसकट, कुणीतरी उचलून आपल्या नावावर छापली होती!

मावशी त्यांच्याच घरी राहायची, आईची धाकटी बहीण. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. अपॉइंटमेंट देणं हे तिचं कागदावरचं काम. खरं काम म्हणजे आतून ड्रिलचा आवाज आला की बाहेर पांढरेफटक पडलेल्या लोकांना बोलण्यात गुंतवणं. त्यासाठी तिच्याकडे गोष्टींचा साठा होता, आणि त्यात चादरीची पहिल्या नंबरवर. शिवाय तिला पेशंट चेहऱ्याने नाही, दाताने लक्षात राहायचे. बाजारात ती मध्येच कोपर मारायची, “ती बघ, निळ्या ड्रेसवाली. वरची अक्कलदाढ. काय रडली होती!”

संध्याकाळी मावशी घरी आली, तेव्हा वकीलबाई दारातच पुस्तक घेऊन उभ्या. मागच्या पानावरचा लेखिकेचा फोटो तिच्या नाकासमोर धरला. “मावशी, ही बाई तुझ्या दवाखान्यात कधी आली होती?”

मावशीने फोटो बघितला आणि तिचा चेहरा उतरला. लगेच सावरून ती चपला काढायला वाकली. “मला काय माहीत? रोज इतके लोक येतात. कुणाकुणाचे दात लक्षात ठेवू?”

कुणाकुणाचे! हे मावशीने म्हणावं?

“हिने तुझी चादरीची गोष्ट छापलीय. शब्दन् शब्द. वाच ना.”

“नको बाई. माझे डोळे दुखतायत.”

“मग मी वाचून दाखवते.”

“अगं, नको म्हटलं ना!” मावशी एवढी कधी ओरडत नसे. मग हळू आवाजात म्हणाली, “गोष्टच आहे. असेल कुणाचीतरी. तू त्या बाईंना त्याबद्दल काही विचारू नकोस हं, माझी शपथ आहे.” आणि पुस्तक फोटोची बाजू खाली करून टेबलावर ठेवलं, वर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाण्याचा जग ठेवला. आपण होऊन कुणी पुस्तकाला एवढं गाडतं का?

वकीलबाई रात्रभर तळमळल्या वगैरे नाहीत, मस्त झोपल्या. पण सकाळी दात घासताना त्यांचा निकाल पक्का झाला होता. त्या बाईने मावशीला घाबरवलंय. नाहीतर गोड बोलून गुंडाळलंय. काहीही असो, मावशी भिडस्त आहे, ती तोंड उघडणार नाही. पण मावशीची गोष्ट मावशीला परत मिळालीच पाहिजे, आणि तीही सगळ्यांसमोर, माइकवर. शपथेचं काय? शपथ मावशीने स्वतःची घातली होती, आपण ‘हो’ कुठे म्हणालो?

कार्यक्रमाच्या दिवशी तिने मावशीला ओढतच नेलं. “माझी पहिली मुलाखत आहे आणि तू येणार नाहीस?” मावशीने चपला घातल्या. ती आली, पण शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, चपला पायातच. कधीही पळता यावं असं.

लेखिका आधीच येऊन ग्रंथपालबाईंच्या खोलीत बसली होती. पांढरे आखूड केस, खांद्याला भलीमोठी पिशवी आणि एका जागी न ठरणारे डोळे. वकीलबाईंना बघताच तिने शेजारची खुर्ची ओढली. “ये ये. अगं, आज बसमध्ये काय गंमत झाली. माझ्या समोर एक माणूस बसला होता, मांडीवर पोपटाचा पिंजरा. पिंजरा रिकामा. आणि तो त्या रिकाम्या पिंजऱ्याशी भांडत होता. ‘तूच उघडं ठेवलंस,’ म्हणे, ‘तूच!’ सगळी बस बघतेय. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली, त्याच्यापाशी गेली आणि...”

“बाहेर या हो, हॉल भरलाय!” ग्रंथपालबाईंनी हाक मारली.

लेखिका उठली.

“मग?” वकीलबाईंच्या तोंडून निघून गेलं. “म्हातारीने काय केलं?”

लेखिकेने तिच्याकडे असं रोखून बघितलं, जसा मावशीचा डॉक्टर एक्स-रे बघतो. “तुला काय वाटतं, काय केलं असेल?” आणि उत्तराची वाटही न बघता ती निघाली.

काय आगाऊ बाई आहे! वकीलबाईंना दाट संशय आला, की असा माणूस बसमध्ये नव्हताच.

मुलाखत सुरू झाली. पहिले प्रश्न साधे. घाबरलेल्या साक्षीदाराला आधी नाव-गाव विचारतात, तसे. लेखिका छान बोलत होती, लोक हसत होते, ग्रंथपालबाई फोनच्या स्टँडमागे उभ्या राहून खुशीत मान डोलवत होत्या.

“तुम्हाला गोष्ट कुठे सुचते?”

“रांगेत. बँकेत, बसस्टॉपवर, सलूनमध्ये. माणसं वाट बघत असली की मला सुचतं.”

“दवाखान्यात?”

“तिथे तर फारच.”

शेवटच्या रांगेत मावशीने पर्स घट्ट धरली. वकीलबाईंनी ते बघून ठेवलं.

“गोष्ट लिहिताना आधी शेवट सुचतो की सुरुवात?”

“सुरुवात. शेवट मला कधीच सुचत नाही, अगदी खरं सांगते.” लोक हसले.

“मग ‘चादर’चा शेवट कुणाचा आहे?”

हसू थांबलं. ग्रंथपालबाईंची मान डोलायची थांबली.

“म्हणजे?” लेखिकेने विचारलं.

“म्हणजे वाटाणे. तिथे वाटाणे कशाला? वरची नुसती बसलेली दाखवता आली असती, झोपलेली दाखवता आली असती. तुम्ही वाटाणे का घातलेत?”

लेखिका पुढे झुकली. तिला घाम फुटला नव्हता. उलट डोळे लकाकले होते, आणि वकीलबाईंना ते मुळीच आवडलं नाही. “तेच तर मला माहीत नाही,” ती म्हणाली. “वाटाणे मी घातलेलेच नाहीत.”

“माहीत आहे! ते माझ्या मावशीने घातलेत!” वकीलबाई उठून उभ्याच राहिल्या. “माझा पाय मोडला होता तेव्हा तिने मला ही गोष्ट सांगितली, वाटाणे सोलत. ती तिथे बसलीय, मागे. दातांच्या दवाखान्यात असते. तुम्ही तिथे ती ऐकलीत आणि स्वतःच्या नावावर छापलीत!”

सगळा हॉल एकदम मागे वळला. मावशी खुर्चीतून अर्धी उठली होती, ती तशीच राहिली. “बये, आता माझंच डोकं फोड,” ती एवढंच पुटपुटली.

“खाली बस,” ग्रंथपालबाई दात-ओठ खात म्हणाल्या. “रेकॉर्डिंग चालू आहे!”

“चालू राहू दे,” लेखिका म्हणाली. तिचा हात आपोआप गालावर गेला होता. “दातांचा दवाखाना. बसस्टॉपजवळचा, पहिल्या मजल्यावर? माशांची टाकी आहे तो?”

“होती,” मावशी मागून म्हणाली. मग जणू तिला राहवलंच नाही. “खालची डावी दाढ तुमची. काढावी लागली.”

“तुम्ही! म्हणजे तुम्ही होतात त्या!” लेखिका माइक हातात घेऊन चक्क चालत मागे निघाली. माइकची वायर ताणली गेली तशी अर्ध्या वाटेत थांबली. “अहो, मी किती वर्षं शोधतेय तुम्हाला.”

“हे बघा, माझं चुकलंच,” मावशी घाईघाईने म्हणाली. “तुमच्या घरातली गोष्ट, मी ती बदलायला नको होती. पण तुम्ही अर्धी सांगितलीत, तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. बाहेर आलात तर तोंड बधिर. मी विचारलं, मग त्या वरच्या बाईंचं काय झालं? तुम्ही नुसता हात हलवलात. असा.” तिने हात हवेत आडवा फिरवला, सगळं संपल्यासारखा. “मी समजले काय ते. रडूच आलं मला. घरी ही पोरगी पाय बांधून पडलेली, ‘मग काय झालं, मग काय झालं’ करून भंडावत होती. तिला कसं सांगू, गेली म्हणून? मांडीवर वाटाणे होते. ते दिले वरचीच्या हातात.”

सगळ्यांच्या माना आता मावशीकडून लेखिकेकडे वळल्या. वकीलबाई माइकशिवाय उभ्या होत्या आणि त्यांची केस डोळ्यांदेखत भलतीकडेच चालली होती. म्हणजे गोष्ट मावशीची नव्हतीच? पण ‘शोधतेय’ म्हणजे काय?

“मी हात हलवला,” लेखिका सावकाश म्हणाली, “कारण मला थुंकायचं होतं.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

“आणि घरातली वगैरे काही नाही हो. या जावा मीच रचल्या. माझी कामाची पद्धतच ती आहे. शेवट अडला की मी गोष्ट तशीच सोडून देते. रांगेत शेजारच्या माणसाला सांगते, खरी आहे म्हणून. दहा ठिकाणी सांगते आणि विसरते. कधीतरी ती फिरून माझ्याकडे येते, आणि येताना शेवट घेऊन येते. ही मला बँकेत परत मिळाली. पुढे उभी असलेली बाई मलाच सांगायला लागली, दोन जावा होत्या म्हणून! मी सोडली तेव्हा चादर निळी होती. आली तेव्हा पिवळी. आणि वाटाणे! मी बघतच राहिले. तिला विचारलं, कुणी सांगितली? ती म्हणाली, भावजयीने. भावजयीला विचारलं, तर तिला आणखी कुणी. तिथून पुढे माग लागेना.”

तेव्हा कुठे मघाच्या पोपटाच्या पिंजऱ्याचा उलगडा वकीलबाईंना झाला. आपल्यावरही गळ टाकला होता तर! आणि आपण ‘मग?’ म्हणून तो गिळलाही होता.

पण तिचं लक्ष मावशीकडे गेलं. मावशी खुश झाली असेल असं तिला वाटलं होतं. केवढी सुटका झाली, कुणाची गोष्ट बिघडवली नाही, शेवट तर तिचाच निघाला. मावशीचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता.

“रचल्या?” ती म्हणाली. “म्हणजे ती वरची बाई नव्हतीच?”

“नाही ना.”

“मी किती वर्षं तिचा विचार केलाय, माहीत आहे तुम्हाला? गॅलरीत कुणाचं कापड राहून गेलेलं दिसलं की मी रस्त्यातच थांबायची. शेजारच्या बाई दोन दिवस दिसल्या नाहीत तर मी दार वाजवून येते, बावळटासारखी. पेशंटना हसत हसत सांगायची मी ती गोष्ट, आणि मनात म्हणायची, बाई गं, मी तुला जिवंत ठेवलंय हं. आणि तुम्ही म्हणता, रचल्या!”

लेखिकेने माइक दुसऱ्या हातात घेतला.

ग्रंथपालबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, आभार मान, आटप. पण मघापासून वकीलबाईंच्या हातातला प्रश्नांचा कागद घामाने ओला झाला होता, आणि त्यावर नसलेला एक प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. आवाज न चढवता, साध्या सुरात तिने तो विचारला.

“तुम्ही ज्यांना ‘खरी आहे’ म्हणून सांगता, त्यांचं पुढे काय होतं?”

लेखिका माइककडे बघत राहिली. “मला वाटायचं, विसरतात.”

“विसरत नाहीत,” मावशी म्हणाली.

“पण खोटी आहे म्हणून सांगितलं तर कुणी ऐकत नाही हो. मान डोलावतात आणि फोन बघतात.”

“मी ऐकते की! खोटी आहे म्हणून सांगितली असतीत, तरी मी ऐकलीच असती. रडलेही असते.” मावशीने पर्स खांद्याला लावली. “फक्त लोकांची दारं वाजवत फिरले नसते.”

लेखिकेने मान खाली घातली. मग फोनच्या स्टँडकडे वळून म्हणाली, “हे नीट रेकॉर्ड होऊ दे. ‘चादर’चा शेवट या बाईंचा आहे. पुढच्या आवृत्तीत तसं छापीन. आणि तो शेवट नसता, तर माझी खालची जाऊ अजून जिन्यातच उभी असती.”

टाळ्या पडल्या, जोरात पडल्या. मावशी पदराशी चाळा करत कुठेतरी तिसरीकडेच बघत राहिली. वकीलबाईंना मात्र टाळ्या वाजवाव्यात की नाही, तेच कळेना. गोष्ट मावशीला मिळाली होती खरी. पण ही बाई एवढ्या चटकन कबूल झाली, हे जरा जास्तच सरळ वाटत नव्हतं का?

हॉल रिकामा झाला. ग्रंथपालबाई तिच्याजवळ आल्या, काहीतरी कडक बोलायच्या तयारीत, आणि “पुढच्या महिन्यात एक कवी येणार आहेत. त्यांना असं छळू नकोस,” एवढंच म्हणून फोन चार्जिंगला लावायला गेल्या. म्हणजे पुढचीही मुलाखत आपलीच! वकीलबाई उड्या मारतच बाहेर पडल्या.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी लेखिका मावशीला गाठून उभी होती. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत होती, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारखी.

“रागावलात?”

“हो.”

“बरोबरच आहे.” तिने पिशवी खाली ठेवली. “एक विचारू? एक गोष्ट अडलीय माझी. बसमध्ये एक माणूस असतो, मांडीवर रिकामा पिंजरा...”

“खरी की खोटी?” मावशीने मध्येच तोडलं.

“खोटी. ठार खोटी.”

मावशीने तिला नखशिखांत न्याहाळलं. मग पहिल्या पायरीवर रुमाल पसरला, त्यावर बसली आणि पर्स बाजूला ठेवली. “सांगा. पण सावकाश. आणि मध्येच थुंकायला जायचं नाही.”

लेखिका तिच्या शेजारी टेकली. “तर तो माणूस त्या पिंजऱ्याशी भांडत असतो...”

“एक मिनिट!” वकीलबाई दोघींच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “आधी ठरवा. शेवट मावशीने सांगितला तर नाव कुणाचं? वर की खाली? केवढ्या अक्षरात?”

“ए, गप गं,” मावशी तिचा हात धरून तिला पायरीवर ओढत म्हणाली. “बस खाली. ती म्हातारी उठलीय, बघू दे काय करते ती.”

वकीलबाई चटकन वळल्या. “मावशी! म्हातारीचं तर यांनी अजून सांगितलंच नाही. तुला कसं माहीत?”

मावशीने लेखिकेकडे बघितलं. लेखिकेने मावशीकडे.

“दवाखान्यात एक पेशंट सांगत होता,” मावशी म्हणाली. “परवाच. खरी आहे म्हणून.”